इनाम दिसते, पण मिळते का?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कुणालाही पाहता व सुधारता येते. त्यातील एखादा दोष दूर करणाऱ्यास रोख इनाम जाहीर करण्याची प्रथा आहे; तिला 'बाउंटी' म्हणतात. ही इनामे 'गिटहब'वरील असंख्य प्रकल्पांत विखुरलेली असल्याने ती हुडकणारी साधने तयार झाली. 'बाउंटी' असे लेबल लावलेल्या नोंदी गोळा करून रक्कम व प्रोग्रॅमिंगची भाषा यांनुसार त्या मांडायच्या, एवढेच त्यांचे काम.

मात्र एकाच इनामामागे अनेक जण लागतात आणि सहसा ज्याचा कोड प्रकल्पाचे चालक स्वीकारतील, त्यालाच पैसे मिळतात. इतरांच्या रात्री फुकट जातात. त्यामुळे आधी किती जणांनी उत्तरे धाडली आहेत हे सांगणारे साधन, रकमेचा आकडा ठळक दाखवणाऱ्या साधनापेक्षा खचितच उपयुक्त.

पैसे कुणाच्या ताब्यात आहेत, हेही पाहावे लागते. 'बाउंटीसोर्स' या मध्यस्थ संकेतस्थळाने २०२० मध्ये, दोन वर्षे कुणीही न पटकावलेल्या इनामांची रक्कम स्वतःकडे ठेवण्याची अट घातली. टीकेची झोड उठताच ती मागे घेतली गेली. २०२३ मध्ये तर काम पूर्ण करूनही पैसे हाती न पडल्याच्या तक्रारी तेथील प्रोग्रॅमरनी केल्या.