गाणं फुकट घ्यायचं की विकत? मुलांना उत्तर देण्याआधी



वर्गात संगणकाची माहिती सांगायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो. "बाई, नेटवरून गाणं घेतलं तर ती चोरी का?" मुलं खोडी काढत नसतात. घरात दादाच्या मोबाइलमध्ये दोनशे गाणी असतात, त्यातलं एकही विकत घेतलेलं नसतं, आणि दादा तर चांगला मुलगा आहे! मग नक्की काय समजायचं? "हो, चोरीच" असं सांगून पुढच्या पाठाकडे वळणं सोपं आहे. पण हा वाद कुठून आला ते आपल्याला माहीत असेल तर उत्तर जरा बरं देता येतं.

आधी थोडं गणित करू. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक नोंद २ बाइटची, आणि डावा-उजवा असे दोन आवाज. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. चार मिनिटांचं गाणं साधारण ४२ एमबी. १९९० च्या दशकातल्या टेलिफोनच्या मोडेमवरून एवढी फाइल यायला दीड तासाहून जास्त लागायचा. तेच गाणं एमपी-थ्री केलं की जेमतेम ४ एमबी, आणि दहा-बारा मिनिटांत हजर. (हे गणित सातवीच्या मुलांकडून करून घ्या, आवडीने करतात.) फाइल एवढी लहान कशी होते? मिरवणुकीत ढोल-ताशा वाजत असताना मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही ना? तसंच मोठ्या आवाजाखाली दबलेले, कानाला न जाणवणारे बारीक आवाज हे सॉफ्टवेअर गाळून टाकतं.

एमपी-थ्रीच्या मागे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचं मोठं काम आहे. कार्लहाइन्झ ब्रँडनबर्ग हे त्यातलं प्रमुख नाव. गाणं ऐकण्याचं सॉफ्टवेअर स्वस्त आणि गाणं लहान करण्याचं सॉफ्टवेअर महाग विकायचं, अशी त्यांची योजना होती. ब्रँडनबर्ग यांनीच पुढे सांगितलेली हकिगत अशी, की ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने चोरीच्या क्रेडिट कार्डवर ते महागडं सॉफ्टवेअर घेतलं आणि नेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिलं. म्हणजे गाण्यांच्या आधी गाण्याचं सॉफ्टवेअरच फुकट वाटलं गेलं!

मग १९९९ मध्ये नॅपस्टर आलं. शॉन फॅनिंग या अमेरिकेतल्या, अजून विशीही न गाठलेल्या मुलाने ते बनवलं. वर्गात समजावायला मी असं सांगते: शाळेच्या ग्रंथालयात एकही पुस्तक नाही, फक्त एक वही आहे. कोणत्या मुलाच्या दप्तरात कोणतं पुस्तक आहे एवढंच त्या वहीत लिहिलेलं. तुम्ही वही बघायची आणि थेट त्या मुलाकडून पुस्तकाची नक्कल करून घ्यायची. नॅपस्टरकडे गाणी नव्हतीच, फक्त वही होती. दोन कोटींहून जास्त लोक तिथे जमले.

कंपनीचं म्हणणं, आम्ही काही वाटत नाही, लोक आपापसात देतात. मेटॅलिका या बँडचं अजून प्रकाशित न झालेलं गाणं नॅपस्टरमार्फत फुटून रेडिओवर वाजलं, तेव्हा त्यांनी एप्रिल २००० मध्ये खटला भरला. त्यांचा ड्रमवादक लार्स उलरिक तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या नावांचे गठ्ठे घेऊन नॅपस्टरच्या कार्यालयात गेला. याउलट पब्लिक एनिमी या गटाचा चक डी नॅपस्टरच्या बाजूने उभा राहिला. त्याच्या मते कंपन्यांच्या मक्तेदारीतून कलाकाराला सुटायची ही संधी होती. रेडिओहेड या बँडचा 'किड ए' हा अल्बम तर विक्रीला येण्याआधीच नॅपस्टरवर फुटला, आणि तरीही अमेरिकेत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. फुकट ऐकणारा विकत घेतच नाही, हे विधान निदान सरसकट खरं नाही.

न्यायालयात मात्र वहीचा बचाव टिकला नाही. वहीत काय लिहिलंय हे तुम्हाला कळतं, खोडणं तुमच्या हातात आहे, तरी खोडत नाही, म्हणून जबाबदारी येते, असा फेब्रुवारी २००१ च्या निकालाचा रोख होता. जुलैमध्ये नॅपस्टर बंद पडलं. लोकांनी दुसरी सॉफ्टवेअर शोधली. मग कंपन्यांनी थेट ऐकणाऱ्यांवरच खटले भरायला सुरुवात केली. २००३ मध्ये त्यांच्या तावडीत न्यूयॉर्कमधली १२ वर्षांची मुलगी सापडली, आणि २,००० डॉलर घेऊन प्रकरण मिटलं. आपल्या सहावी-सातवीतल्या मुलीवर असं झालं असतं तर? मला हा प्रकार फाइल वाटण्यापेक्षा जास्त लाजिरवाणा वाटतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने आयट्यून्सचं दुकान उघडलं. एक गाणं ९९ सेंटला, अख्खी सीडी घ्यायची सक्ती नाही. पहिल्याच आठवड्यात १० लाख गाणी विकली गेली. फुकट मिळत असतानाही लोकांनी पैसे दिले, कारण ते सोपं होतं. आता स्पॉटिफायसारख्या ॲपवर तर एकेक गाणं घ्यावंही लागत नाही. तिथे जमलेले पैसे एकत्र करून, कोणाची गाणी किती ऐकली गेली त्या प्रमाणात हक्कधारकांना दिले जातात. त्यातलं गाणाऱ्याच्या हातात किती पडतं ते त्याच्या करारावर. म्हणजे पैसे देऊनही ते कलाकारापर्यंत पोचतीलच असं नाही. आपल्याकडे चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार एकदा रक्कम घेऊन हक्क सोडून देत. त्यांच्या रॉयल्टीचा हक्क कायद्यात यायला २०१२ ची दुरुस्ती व्हावी लागली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी बाजू मांडली होती.

आता "चोरी" या शब्दाकडे येऊ. सायकल चोरली तर मालकाकडे सायकल उरत नाही. गाण्याची नक्कल केली तर मूळ गाणं तसंच राहतं. मुलं हा फरक लगेच पकडतात, आणि तो मान्य करायला हवा. पण आमच्या भागात स्नेहसंमेलनासाठी कीबोर्डवर ट्रॅक करून देणारे एक दादा आहेत. एका ट्रॅकला दोन रात्री जातात. एका शाळेने पैसे देऊन ट्रॅक घेतला, तो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि त्या वर्षी बाकीच्या शाळांनी तोच वाजवला. दादांची कोणती वस्तू गेली? एकही नाही. पण पुढच्या शाळांकडून येणारं काम गेलं. मुलांना मी हेच उदाहरण देते, कारण दादा त्यांच्या ओळखीचे आहेत.

आपल्या शाळेपुरतं कायद्याचं थोडं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेला सवलत आहे. शाळेच्या कार्यक्रमात, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोक असतील, तर ध्वनिमुद्रित गाणं वाजवता येतं. तोच नाच यूट्यूबवर टाकला की ती सवलत लागू होते असं धरून चालू नका. आणखी एक गोंधळ नेहमी होतो. तुकारामांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण एखाद्या गायकाच्या ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो, आणि नव्या चालीवर संगीतकाराचा वेगळा.

संगीत बनवायची आवड असलेली मोठी मुलं एफएल स्टुडिओचं "क्रॅक" शोधतात. त्यांना अडवा. एक तर त्यासोबत व्हायरस येतो, आणि बेकायदा सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरण्याला कलम ६३ब मध्ये शिक्षा आहे. नुसतं "नको" म्हणू नका, पर्याय द्या. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी, ट्रॅक बनवण्यासाठी एलएमएमएस. ही दोन्ही फुकट तर आहेतच, पण त्यांच्या परवान्यातच लिहिलंय की नक्कल करा, दुसऱ्याला द्या. इथे वाटणं पूर्ण कायदेशीर आहे, कारण बनवणाऱ्यांनीच तशी परवानगी दिलीय. मुलांना हा मुद्दा सगळ्यात चांगला कळतो.

ऑडॅसिटी मोबाइलवर चालत नाही, शाळेचा संगणक लागेल. साधा हेडफोनचा माइक पुरतो. पंखा बंद करा, दार लावून घ्या, मुलांकडून अभंग पारंपरिक चालीत गाऊन घ्या आणि एमपी-थ्री करून ठेवा. संमेलनात तोच वाजवा.