झाडांना आधार, लेखांक ७ : ताण तारेला नको, फांदीला हवा

आधाराची तार बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांश उंचीवर बांधावी, इथवर आपण मागच्या लेखांकात आलो. जागा ठरली, आयबोल्ट आरपार बसले, सातपेडी पोलादी तार वर पोचली, की प्रश्न उरतो ती ताठ कशाने करायची. बाजारात याचे उत्तर सोपे वाटते. एक-दोन टन क्षमतेची रॅचेटची हातविंच सहज मिळते, चेनब्लॉक तिच्याहून दणकट असतो, आणि टर्नबकल तर तारेतच कायमचा बसवता येतो. जितके बळ जास्त तितका आधार पक्का, असे कोणालाही वाटेल. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो, कारण अवजाराने तार ताणायचीच नसते. त्याचे काम एवढेच, की फांदी थोडीशी आत आणायची आणि तार जोडून होईपर्यंत धरून ठेवायची. मग अवजार हळूहळू सोडले की फांदी मूळ जागी परतू पाहते आणि त्या परतण्यानेच तार ताठ होते. तारेत किती ताण राहणार, हे फांदी किती आत आणली त्यावर ठरते.

हे पटले की निवडीचा निकषच बदलतो. अवजार तारेला न लावता शेजारून नेलेल्या वेगळ्या दोरावर लावायचे, आणि तो दोर फांद्यांना रुंद पट्ट्यांनी धरायचा, म्हणजे साल सोलली जात नाही. अवजार असे हवे की फांदी किती विरोध करते आहे ते हाताला कळावे. चार पदरी कप्पीदोर इथे उत्तम. हाताने पंचवीस किलोची ओढ दिली तर कागदावर शंभर किलो मिळतात, कप्प्यांच्या घर्षणामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. पण फांदी अडली की ती अडल्याचे बोटांना लगेच जाणवते. हातविंचच्या दांड्यावर तेवढीच मेहनत केली तर दुसऱ्या टोकाला कित्येक पट ओढ पडते आणि हाताला काहीच कळत नाही. सोडतानाचा फरक तर आणखी मोठा आहे. विंच एकेका दात्याने झटका देत सुटते, दांडा उलटा फिरून हातावर आदळू शकतो. दोर मात्र हवा तितका, अगदी बोटभरसुद्धा सोडता येतो.

जास्त ताणल्याने बिघडते तरी काय? तारेचे काहीच बिघडत नाही, आणि धोका तिथेच आहे. पाव इंची साधी सातपेडी तार सुमारे ८६० किलोला तुटते, तीच अतिउच्च ताकदीची घेतली तर ३,००० किलोपर्यंत टिकते. एवढी ताकद हाताशी असली की भार झाडावर जातो. बोल्टभोवतीच्या लाकडावर वारा नसतानाही कायमची ओढ राहते, आणि वादळाचा झोत आला की तो या ओढीत भर घालतो. शिवाय झाड हलण्यातूनच जाड होते. मॅक्सवेल जेकब्ज यांनी १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियातील पाइनवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. तारांनी जखडलेल्या झाडांचा, जखडल्या जागेखालचा बुंधा मोकळ्या झाडांपेक्षा कमी जाड भरला. जाफी यांनी १९७३ मध्ये स्पर्श आणि हेलकाव्यांना वनस्पती देत असलेल्या या प्रतिसादाला शास्त्रीय नाव दिले. टोकाच्या वादळात फांदी फाटू नये म्हणून आधार असतो. रोजच्या झुळुकीत ती हलायलाच हवी.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोठ्या झाडांचा. हातभर जाडीची फांदी कप्पीदोराने हलेल का? बहुधा हलते, कारण आपण ती उंचावर ओढतो. बेचक्यापासून सहा मीटरवर ओढले तर तीन मीटरवरच्या निम्म्या बळात तेच काम होते. तरीही ती हलत नसेल, तर मोठे अवजार आणण्याआधी टोकाकडचा भार छाटणीने कमी करावा. हट्टाने ओढलेली फांदी बेचक्यातच, विशेषतः साल आत दबलेल्या बेचक्यात, फाटू शकते. एक अपवाद मात्र मला मान्य आहे. बेचके आधीच चिरले असेल आणि चीर मिटवून त्यातून सळई घालायची असेल, तर बळ लागतेच. तिथे चेनब्लॉक किंवा हातविंच वापरावी, पण चिरेवर सतत नजर ठेवूनच, आणि सळईच्या जोडीला वर तारही हवीच.

दुसरा आक्षेप टर्नबकलच्या बाजूने घेतला जातो, आणि तो वरवर पाहता अधिक वजनदार आहे: झाड वाढते, मग तार पुढे सैल-घट्ट करता यायला नको का? पण खोडावरचा बोल्ट झाडाबरोबर वर सरकत नाही, तो त्याच उंचीवर राहतो. शेंडा वर जातो आणि जुनी तार तुलनेने खाली पडते. तिथे आटे फिरवून काही साधत नाही. वरच्या जागी नवी तार लागते. उलट टर्नबकलमुळे तपासायचा एक सांधा वाढतो, तो हेलकाव्यांनी आपोआप उलगडू नये म्हणून जखडावा लागतो, आणि पुढच्या माणसाला त्याचे आटे फिरवण्याचा मोह होतो तो वेगळाच.

तार थेट धरणाऱ्या पकडीबाबतही सावध राहावे. ती तारेच्या जाडीला जुळणारी नसेल तर जस्ताचा थर ओरखडते आणि गंज तिथूनच सुरू होतो. अतिउच्च ताकदीची तार थिंबलभोवती हाताने वळत नाही, तिच्या टोकाला तयार पिळाची पकडच गुंडाळावी लागते. म्हणून लांबी आधी नीट मोजून घेणे ताणण्याच्या कौशल्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. जर्मनीत रुजलेल्या पोकळ विणीच्या कृत्रिम दोरांना तर अवजार लागतच नाही. ते हातानेच, किंचित झोळ ठेवून बसवतात.

फांदी किती आत आणायची, हे ऋतूवरही अवलंबून आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला पाने झडलेल्या गुलमोहराच्या फांद्या हलक्या होऊन वर उचललेल्या असतात. तेव्हा त्या जवळजवळ ओढूच नयेत, तारेचा झोळ जाईल इतपत पुरे. जूनमध्ये पालवी भरून पावसाने भिजली की फांद्या आपल्याच वजनाने बाहेर झुकतात आणि उरलेला ताण तारेत तेव्हा येतो. भर पानांत काम करायचे असेल, तर त्याहून थोडे अधिक आत आणायला हरकत नाही.