शंभरात छत्तीस

डिसेंबर 2008 ते जून 2015 या काळात ब्रिटनमधल्या कारफोन वेअरहाउस या दुकानसाखळीने ‘गीक स्क्वॉड’ नावाने मोबाइलचा विमा आणि दुरुस्ती-मदतीची योजना विकली. गिऱ्हाइकाला तिची गरज आहे का, हे न बघताच विकली, म्हणून मार्च 2019 मध्ये तिथल्या नियामकाने कंपनीला 2 कोटी 91 लाख पौंडांचा दंड ठोठावला. पण खरा आकडा विक्रीचा आहे: 44 कोटी 40 लाख पौंडांहून जास्त. म्हणजे रोज सुमारे 1 लाख 85 हजार पौंड. दुकानं दिवसाला दहा तास उघडी धरली, तर मिनिटाला तीनशे पौंड, तेही साडेसहा वर्षं. दंड भरला तो या विक्रीच्या पंधराव्या हिश्शापेक्षाही कमी.

‘माझ्या घराच्या विम्यात फोन आहेच’ असं कुणी म्हणालं तर त्याला कसं वळवायचं, याचंही विक्रेत्यांना शिक्षण दिलं होतं. जानेवारी 2014 मध्ये तर शंभरातल्या 35 पॉलिसी पहिल्या तीन महिन्यांतच रद्द झाल्या. घरी जाऊन शांतपणे कागद वाचल्यावर याची गरज नाही, हे लोकांना कळत असावं.

आता आपल्याकडे या. भारतात वर्षाला जवळपास 15 कोटी नवे स्मार्टफोन बाजारात येतात, सेकंदाला जवळजवळ पाच. समजा दहातल्या एकाने काउंटरवर ‘फक्त पंधराशे रुपये’ ऐकून मान डोलावली, तरी 2,250 कोटी रुपये गोळा होतात. ‘फक्त’ या शब्दाची ही किंमत.

आपला निर्णय मात्र एका भागाकारात मावतो. फोन 20,000 चा, विमा 1,800 चा, स्क्रीन बदलायला 6,000 आणि दर दाव्याला आपल्या खिशातून 1,000, असं धरू. स्क्रीन फुटली तर विमा वाचवतो 5,000. अठराशेला पाच हजारांनी भागा: 36 टक्के. तुमच्यासारख्या शंभर जणांपैकी वर्षभरात 36 जणांची स्क्रीन फुटणार असेल, तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. आपली वस्तू बेतानं वापरणाऱ्याने तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे दरवर्षी बाजूला टाकले तर तीन वर्षांत 5,400 होतात, एक स्क्रीन जवळपास निघते.

दिवसभर पावसापाण्यात दुचाकीच्या हँडलला फोन लावून घरोघरी डबे पोचवणाऱ्या पोराचं गणित वेगळं. त्याच्यासाठी छत्तीस टक्के अजिबात दूरचे नाहीत, आणि फोन बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. त्याने विमा जरूर घ्यावा. पण फोन बनवणाऱ्या कंपनीऐवजी तिसऱ्याच कुणाचा घेत असेल, तर आधी बघावं की मागे इरडा या विमा नियामकाच्या परवान्याची विमा कंपनी आहे, की नुसता दुरुस्तीचा करार. विमा असेल तर तक्रार फुकटात विमा लोकपालाकडे नेता येते. नुसता करार असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आणि ग्राहक आयोग; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही शुल्क नाही.

चोरीचं कलम तर दोनदा वाचावं. कुलूप फोडल्याच्या किंवा जबरदस्तीच्या खुणा असतील तरच चोरी, असं कित्येक पॉलिसींत लिहिलेलं असतं. लोकलच्या गर्दीत खिशातून अलगद गेलेला फोन मग त्यात बसत नाही, आणि मुंबईत फोन जातो तो कित्येकदा असाच. शिवाय पॉलिसी फोनच्या आयएमईआय या 15 आकडी ओळख-क्रमांकाला बांधलेली असते. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की तो क्रमांक बदलतो. तो नवा क्रमांक त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवावा आणि पोच घ्यावी.