अकाउंटिंग आणि डेटा ॲनालिटिक्समध्ये मास्टर्स करू की धंदा सुरू करू? आधी हा हिशोब मांडा



"सर, बी.कॉम. झालंय. अकाउंटिंग आणि डेटा ॲनालिटिक्समध्ये मास्टर्स करू, की तेच पैसे धंद्यात घालू?" हल्ली हा प्रश्न वारंवार येतो. कधी मुलगा विचारतो, कधी वडील विचारतात. वडिलांच्या आवाजात काळजी जास्त असते, कारण फी त्यांच्या एफडीतून जाणार असते.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हिशोब आणि डेटा हे कौशल्य विकून पोट भरायचं असेल, तर पदवीचा विचार जरूर करा. पण फरसाण, कपडे, हार्डवेअर विकायचं असेल, तर तुम्हाला पदवी नको, त्या अभ्यासातली सवय हवी. ती सवय स्वतःच्या वहीवर शिकता येते. आता हे असं का, ते नीट बघू.

या अभ्यासात नेमकं शिकवतात काय?

नाव भारदस्त आहे, पण आत दोनच गोष्टी आहेत. पहिली, हिशोब: फायनान्शियल अकाउंटिंग, कॉस्टिंग, ऑडिट, टॅक्स. दुसरी, त्या हिशोबाला प्रश्न विचारायची साधनं: स्टॅटिस्टिक्स, एक्सेल, डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल भाषा, पायथॉन, आणि आकडे चित्रात दाखवणारं पॉवर बीआय किंवा टॅब्लो.

हे दोन विषय एकत्र का आले? पूर्वी ऑडिटर हजारो बिलांतून थोडी बिलं नमुना म्हणून काढून तपासायचा. कॉम्प्युटरमुळे सगळ्याच नोंदी तपासता यायला लागल्या. मग ऑडिट कंपन्यांना अशी माणसं हवी झाली, ज्यांना डेबिट-क्रेडिटही कळतं आणि लाखभर ओळींचा डेटाही हाताळता येतो. २०१६ साली केपीएमजी या मोठ्या ऑडिट कंपनीने अमेरिकेतल्या ओहायो स्टेट आणि व्हिलानोव्हा या विद्यापीठांबरोबर नेमका असा मास्टर्स अभ्यासक्रम जाहीर केला.

यातली गोम लक्षात घ्या. हा अभ्यासक्रम मोठ्या कंपनीच्या नोकरीसाठी जन्मला. तुमच्या दुकानासाठी नाही. पण त्यातला विचार दुकानाला लागू होतो, आणि जोरात लागू होतो.

एक उदाहरण: चकली बंद करायची का?

समजा, तुमचा घरगुती फराळाचा धंदा आहे. शेव, चिवडा आणि हाताने पाडलेली चकली. एका महिन्याची विक्री १ लाख ८० हजार. कच्चा माल आणि पॅकिंग वजा केल्यावर चित्र असं दिसतं:

- शेव: विक्री ९०,०००, खर्च ६३,०००, उरले २७,००० (३० टक्के)
- चिवडा: विक्री ६०,०००, खर्च ३६,०००, उरले २४,००० (४० टक्के)
- चकली: विक्री ३०,०००, खर्च १५,०००, उरले १५,००० (५० टक्के)

बहुतेक जण इथेच थांबतात आणि म्हणतात, "चकलीत सगळ्यात जास्त मार्जिन, चकली वाढवा!"

थांबा. मजुरी कुठे गेली? शेव मशीनवर पडते. चिवडा एका कढईत भरपूर होतो. चकली मात्र एकेक पाडावी लागते. महिन्याची मजुरी कामाच्या तासांप्रमाणे वाटली आणि शेवेला ६,०००, चिवड्याला ६,००० आणि चकलीला १३,५०० आली, तर?

- शेव: उरले २१,००० (साधारण २३ टक्के)
- चिवडा: उरले १८,००० (३० टक्के)
- चकली: उरले १,५०० (५ टक्के)

जी चकली पहिली होती, ती शेवटी गेली. याला कॉस्टिंग म्हणतात. इथपर्यंत अकाउंटिंगचं काम झालं.

आता अकाउंटंट म्हणेल, चकली बंद करा. पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो: चकली घेणारा माणूस आणखी काय घेतो? मागच्या महिन्याची बिलं काढा. समजा, २०० बिलांत चकली आहे आणि त्यातल्या १५० बिलांत शेव किंवा चिवडाही आहे. म्हणजे बरीच गिऱ्हाइकं चकलीसाठी पायरी चढत असावीत आणि जाताना बाकीचं नेत असावीत. खात्री करायची तर चार गिऱ्हाइकांना सरळ विचारा. चकली बंद केली, तर चिवड्याची विक्रीसुद्धा पडू शकते. हे सांगणारं शास्त्र म्हणजे डेटा ॲनालिटिक्स.

मग करायचं काय? चकली चालू ठेवा, भाव बघा. १०० किलो चकली ३०० रुपयांनी जात होती, ती ३३० ला लावली आणि खप तेवढाच राहिला, तर ३,००० रुपये वाढले. १,५०० चे ४,५०० झाले, तिप्पट! खप थोडा कमी झाला तरी किती कमी चालेल, तेही काढता येतं. आता एका किलोमागे ४५ रुपये सुटतात. मजुरी किलोवर देत असाल, तर पूर्वीचे १,५०० मिळवायला ३४ किलो पुरतात. मजुरी ठरलेल्या पगाराची असेल, तर हे गणित वेगळं येईल. म्हणून खर्च माल बनेल तसा वाढतो की बसल्या जागी लागतो, हे आधी ओळखावं लागतं.

बघा, या सगळ्याला पायथॉन लागलं नाही. लागलं काय? प्रत्येक बिलावर कोणती वस्तू गेली याची नोंद, आणि मजुरीचे तास. ज्याच्याकडे दिवसाच्या शेवटी फक्त "गल्ला ६,०००" एवढंच लिहिलेलं आहे, त्याला एमआयटीतून आलेला ॲनालिस्टसुद्धा उत्तर देऊ शकणार नाही.

अभ्यासक्रमातल्या आणखी तीन गोष्टी, ज्या आजच वापरता येतील

१. उधारीचं वय काढा. "बाजारात ४ लाख येणं आहे" हे वाक्य अर्धवट आहे. ३० दिवसांच्या आतलं किती, ३१ ते ६० दिवसांचं किती, ९० च्या वरचं किती, असे रकाने पाडा. उधारी जितकी जुनी, तितकी बुडण्याची भीती जास्त. आणि एक कायदा माहीत असू द्या: २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर व्याज लागतं. उद्यम नोंदणी करून ठेवा. पण तारखांची नोंद नसेल तर हा कायदाही तुमच्या कामाचा नाही.

२. खरेदी जुळवा. जीएसटी नोंदणी असेल, तर पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतो. तुम्हाला माल विकणाऱ्याने तुमचं बिल दाखवलं की नाही, हे त्यात दिसतं. त्याने दाखवलं नाही तर क्रेडिट अडकतं. १ लाखाची खरेदी, १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८,००० रुपये तुमच्या खिशातून. एका शीटमध्ये तुमची खरेदी, दुसऱ्यात २बी, आणि मधे एक लुकअप फॉर्म्युला. मोठ्या कंपन्यांत यालाच रिकन्सिलिएशन म्हणतात आणि त्यासाठी स्वतंत्र माणसं असतात.

३. विचित्र आकडा शोधा. ऑडिटवाले बेनफर्डचा नियम वापरतात. नैसर्गिकरीत्या तयार झालेल्या मोठ्या आकडेवारीत बरेचदा साधारण ३० टक्के आकडे १ ने सुरू होतात, आणि ९ ने सुरू होणारे ५ टक्क्यांहूनही कमी असतात. खोटे आकडे लिहिणारा माणूस हे प्रमाण सांभाळू शकत नाही. छोट्या दुकानाला हा नियम तसाच लावू नका, कारण ठरावीक भाव आणि थोडी बिलं असतील तर तो चालत नाही. पण त्यामागची नजर घ्या: एकाच रकमेची दोन बिलं, रविवारी पडलेलं डिझेल, नेहमी गोल आकड्यात येणारा खर्च. कोणावर आरोप करायचा नाही, फक्त विचारायचं.

मग पदवी कोणी घ्यावी?

ज्याला हेच काम दुसऱ्यांसाठी करायचं आहे, त्याने. आपल्याकडे अशा सेवेची मोठी गरज आहे. दुकानदार सीएकडे रिटर्नपुरते जातात, पण "माझा पैसा कुठे अडकलाय" हे महिन्याला समजावून सांगणारा माणूस त्यांना मिळत नाही. हा स्वतःच एक धंदा आहे, आणि त्याला गोडाऊन लागत नाही.

पण मर्यादा ओळखा. एम.कॉम. किंवा ॲनालिटिक्सची पदवी घेऊन कंपनीच्या ऑडिटवर सही करता येत नाही. तो अधिकार सीएचा. कॉमर्सच्या पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते, त्यासाठी परीक्षा असते. म्हणजे फक्त रिटर्न भरायचा धंदा करायचा असेल, तर मास्टर्सची अट नाही.

परदेशात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये मास्टर्स साधारण एका वर्षात होतं, हे आकर्षण मोठं आहे. तिथे नोकरी करायची असेल तर ठीक. पण परत येऊन इचलकरंजीत किंवा जळगावात धंदा करायचा असेल, तर तिथला टॅक्स तुम्ही शिकून येणार, आणि जीएसटी, टीडीएस, टॅली इथे येऊन पुन्हा शिकावं लागणार.

फीचा खरा हिशोब

फी म्हणजे फक्त फी नसते. समजा, फी ३ लाख. दोन वर्षं तुम्ही महिना १५,००० कमावू शकला असता, ते सोडले: ३ लाख ६० हजार. एकूण ६ लाख ६० हजार, राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. आता स्वतःला विचारा, हे भांडवल कुठे जास्त चालेल?

मधला रस्ताही आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू इथून काम करता करता एम.कॉम. करता येतं. सरकारच्या स्वयम् पोर्टलवर अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, पायथॉनचे कोर्स फुकट शिकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची.

प्रवेश घ्यायचाच असेल, तर संस्थेला हे चार प्रश्न विचारा:

१. पदवी कोणतं विद्यापीठ देणार, आणि ते यूजीसीच्या यादीत आहे का?
२. कॉस्टिंग शिकवता का, की फक्त सॉफ्टवेअर?
३. प्रोजेक्ट खऱ्या, अर्धवट आणि चुका असलेल्या डेटावर असतो, की तयार स्वच्छ फाइलवर? (धंद्यात स्वच्छ फाइल कधीच मिळत नाही.)
४. मागच्या बॅचच्या दोन विद्यार्थ्यांशी मला बोलता येईल का?

"शंभर टक्के प्लेसमेंट" हे उत्तर त्यांनी न विचारताच दिलं, तर बाकीचे प्रश्न जास्त जोरात विचारा.

फी भरण्याआधी ९० दिवसांची परीक्षा

स्वतःचा धंदा असेल तर त्यावर करा. नसेल तर मामाच्या, शेजारच्या काकांच्या दुकानात परवानगी घेऊन बसा. गिऱ्हाइकांची नावं-नंबर आपल्या फाइलमध्ये घेऊ नका.

- पहिले ३० दिवस: प्रत्येक विक्री वस्तूनिहाय लिहा. प्रत्येक खर्च कशासाठी, ते लिहा. घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा. विश्लेषण काहीही नको.
- पुढचे ३० दिवस: एक्सेलमध्ये पिव्हट टेबल शिका. वस्तूप्रमाणे नफा, वारानुसार विक्री, उधारीचं वय, एवढे तीनच तक्ते काढा.
- शेवटचे ३० दिवस: आकड्यांवरून एकच निर्णय घ्या: भाव, एखादी वस्तू किंवा उधारीची मुदत. महिन्याने बघा, अंदाज बरोबर आला का.

९० दिवसांनंतर दोनच गोष्टी होतील. पहिले ३० दिवसच कंटाळवाणे वाटले, नोंदी सुटायला लागल्या, तर तुमचे लाखो रुपये वाचले. हिशोबाला चांगला माणूस ठेवा आणि तुम्ही विक्रीत लक्ष घाला, त्यात कमीपणा नाही. पण रात्री अकरा वाजता "अरे, मंगळवारी विक्री का पडते?" म्हणून तुम्ही फाइल उघडून बसलात, तर हा विषय तुमचा आहे. मग पदवी घ्या, आणि घेताना हातात दुकानाचा खरा डेटा घेऊन वर्गात जा. बाकीच्यांपेक्षा दुप्पट शिकाल.

आज रात्री गल्ला मोजताना फक्त एकूण रक्कम लिहू नका. कोणती वस्तू किती गेली, ते लिहा. पहिल्या महिन्याचा तक्ता झाला की कोणती वस्तू वरून खाली गेली, ते मला नक्की कळवा. तुमच्या घरातली "चकली" कोणती, हे ऐकायला मला आवडेल.