घरी एकटा राहिलेला मोठा कुत्रा घाण का करतो? कारण शोधल्याशिवाय उपाय नाही

नवी दिल्ली : संध्याकाळी कामावरून परतल्यावर दार उघडताच उग्र दर्प यावा, दिवाणखान्यात लघवी पसरलेली दिसावी आणि तीस-पस्तीस किलोचा कुत्रा शेपूट पायांत घालून कोपऱ्यात बसलेला असावा, हा अनुभव शहरांतील अनेक श्वानपालकांच्या परिचयाचा आहे. लहान कुत्र्याची अशी चूक एका फडक्याने निस्तरता येते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन यांच्या बाबतीत मात्र ती गादी, गालिचा आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध यांपर्यंत जाते. मग कुत्र्याला मारणे, दिवसभर साखळीने बांधणे किंवा दुसऱ्या कोणाला देऊन टाकणे, असे मार्ग सुचू लागतात. यांपैकी एकही मार्ग मूळ कारणापर्यंत पोहोचत नाही.

एकटेपणी घरात मलमूत्र विसर्जन करण्याची कारणे बहुतेक वेळा तीन गटांत मोडतात : रोखून धरण्याची मर्यादा संपणे, आजार आणि एकटे राहण्याची भीती. तिन्हींचे उपाय वेगळे असल्याने कारण ओळखणे ही पहिली पायरी ठरते.

सूडबुद्धी हा गैरसमज

‘एकटे ठेवल्याचा राग काढतो आणि नंतर अपराधी चेहरा करतो’, ही समजूत सर्वत्र आढळते. न्यूयॉर्कमधील बर्नार्ड कॉलेजच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या समजुतीलाच धक्का दिला. कुत्र्याने मनाई मोडून खाऊ खाल्ला होता की नाही, याच्याशी त्या ‘अपराधी’ मुद्रेचा संबंध आढळला नाही; मालक रागावला की ती मुद्रा अधिक दिसे. म्हणजेच ती पश्चात्तापाची नव्हे, तर मालकाच्या रागाला दिलेली प्रतिक्रिया असते. काही तासांपूर्वीच्या कृतीबद्दल दिलेल्या शिक्षेचा अर्थ कुत्र्याला लागत नाही. त्याला एवढेच कळते की मालक परत आला की संकट येते. त्यामुळे भीती वाढते आणि भीतीबरोबर घाणही.

तासांचे गणित

निरोगी प्रौढ कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २० ते ४० मिलिलिटर लघवी तयार होते. या हिशेबाने ३० किलोच्या कुत्र्याच्या मूत्राशयात दहा तासांत पाव ते अर्धा लिटर लघवी साठू शकते. प्रौढ कुत्रा सहा ते आठ तास ती रोखू शकतो. परंतु महानगरांत नोकरीचे नऊ तास आणि प्रवासाचे दोन-तीन तास मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पिलांची क्षमता आणखी कमी असते. वयाचे जितके महिने, साधारण तितकेच तास, असा ढोबळ ठोकताळा मानला जातो. मोठ्या जातींत येथेच फसगत होते. सहा महिन्यांचा लॅब्रॅडॉर आकाराने प्रौढ दिसला तरी वर्तनाने तो पिलूच असतो.

यावरील उपाय वेळापत्रकात आहे. दोन्ही वेळचे अन्न ठरलेल्या वेळी द्यावे. खाल्ल्यानंतर आतड्यांची हालचाल वाढते. त्यामुळे सकाळी अन्न देऊन लगेच कुलूप लावू नये. आधी अन्न, मग फिरणे आणि त्यानंतर मालकाने बाहेर पडणे, हा क्रम ठेवावा. कुत्र्याने लघवी करताच त्याला घरी आणले, तर फेरी लांबावी म्हणून तो रोखून धरायला शिकतो. म्हणून विसर्जनानंतर लगेच कौतुक करावे आणि आणखी काही मिनिटे फिरवावे. दुपारी एक फेरी होईल अशी सोय नातेवाईक, शेजारी किंवा कुत्रे फिरवणारी विश्वासू व्यक्ती यांच्यामार्फत करावी. ते शक्य नसेल, तर न्हाणीघरात किंवा बाल्कनीत कृत्रिम गवताचा ट्रे ठेवून तेथे जाण्याची सवय लावता येते. मोठ्या कुत्र्याला त्यावर पूर्ण वळता आले पाहिजे, तसेच पाणी खालच्या मजल्यावर जाणार नाही, याची काळजी घ्यावी. उपाय म्हणून पिण्याचे पाणी तोडणे धोक्याचे आहे. भारतीय उन्हाळ्यात तर ते जिवावर बेतू शकते.

आजाराची शक्यता आधी तपासावी

वर्षानुवर्षे स्वच्छता पाळणारा कुत्रा अचानक घरात घाण करू लागला, तर प्रशिक्षकाआधी पशुवैद्यकाकडे जावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात पू होणे, ही त्यामागची कारणे असू शकतात. दिवसाला दर किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा अधिक, म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याने तीन लिटरहून अधिक पाणी पिणे, हा तपासणी करून घेण्याचा स्पष्ट इशारा आहे. मोजून भरलेल्या भांड्याने हे घरीच कळते.

मोठ्या जातींच्या काही अडचणी वेगळ्या असतात. नसबंदी झालेल्या मोठ्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडून झोपेत लघवी झिरपू शकते. अंथरूण ओले आढळणे ही त्याची खूण असून त्यावर औषध आहे. खुब्याचे दोष किंवा संधिवात असलेला कुत्रा दुखण्यामुळे उठण्याचे टाळतो, तर वृद्ध कुत्र्याला शिकलेल्या सवयींचा विसर पडू शकतो. मोठ्या जातींत वार्धक्य लवकर, सात-आठ वर्षांच्या सुमारास सुरू होते.

भीतीची लक्षणे

तिसरे कारण ओळखण्यासाठी जुना मोबाइल किंवा साधा कॅमेरा पुरतो. मालक गेल्यावर कुत्रा शांत झोपला आणि काही तासांनी उठून एखाद्या ठरावीक कोपऱ्यात गेला, तर प्रश्न तासांचा असतो. मात्र बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाच्या आतच येरझारा, विव्हळणे, लाळ गळणे, दार ओरबाडणे सुरू झाले आणि आवडता खाऊही तसाच पडून राहिला, तर तो एकटेपणाच्या तीव्र भीतीचा प्रकार असण्याची शक्यता अधिक असते. अशा कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडल्यास घबराट वाढते. सुटण्याच्या धडपडीत त्याचे दात आणि नखे तुटू शकतात.

त्यावरील उपचार संथ गतीचा आहे. किल्ल्या उचलून पुन्हा खाली ठेवाव्यात, चपला घालून घरातच बसावे. त्यानंतर दाराबाहेर काही सेकंद, एक मिनिट, पाच मिनिटे, असा काळ वाढवावा. कुत्रा घाबरण्यापूर्वी परतणे, हे या पद्धतीचे सूत्र आहे. सराव सुरू असताना त्याला दीर्घकाळ एकटे न ठेवता कोणाची तरी सोबत द्यावी. तीव्र त्रासात क्लोमिप्रामिन किंवा फ्लुऑक्सेटिन ही औषधे प्रशिक्षणाच्या जोडीला वापरली जातात. मात्र ती पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत.

फरशी पुसण्याची रीत

माणसाला वास येईनासा झाला, तरी कुत्र्याला तो येतच असतो आणि तीच जागा पुन्हा वापरली जाते. डाग टिपून घेऊन विकरयुक्त स्वच्छताद्रव्य वापरावे. फिनाइलच्या उग्र वासाने लघवीचा वास केवळ झाकला जातो. लघवीवर ब्लीच ओतल्यास विषारी वायू तयार होऊ शकतो.

कायद्याची बाजू

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, या दोन्ही गोष्टी क्रूरतेत मोडतात. दुसरीकडे, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तरीही दुर्गंधी आणि गोंगाटाचा त्रास शेजाऱ्यांना होऊ न देण्याची जबाबदारी पालकावरच राहते.

सुरुवात एका वहीने करता येते. आठवडाभर घाण केल्याची वेळ, जागा, प्रमाण, दिलेले अन्न आणि प्यायलेले पाणी यांची नोंद ठेवावी. ही नोंद आणि कॅमेऱ्यातील चित्रण सोबत नेल्यास पशुवैद्यकाला निदान करणे सोपे जाते, आणि कुत्र्याला घराबाहेर काढण्याचा विचार करण्यापूर्वी त्याची नेमकी अडचण काय आहे, हे पालकालाही समजते.