पांढरं अस्वल, काळं अस्वल आणि मोहाचं झाड

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी एक ज्युनिअर परवा म्हणाली, "दादा, मला ध्रुवीय अस्वलावर काम करायचंय." ती भंडाऱ्याची. म्हटलं, कर की! पण तुमच्या कोका अभयारण्यात अस्वल आहे, त्याचं काय?

कुळ एकच, पण खाण्याने शरीरं पार वेगळी घडवली. ध्रुवीय अस्वल जगतं सीलच्या चरबीवर, आणि सील पकडायला त्याला समुद्रावरचा बर्फ लागतो. केसांखाली दाट लोकर, त्याखाली काळी कातडी आणि चरबीचा जाड थर. आपलं अस्वल वाळवी आणि फळं खाणारं. बाकी अस्वलांना बेचाळीस दात, याला चाळीस. वरचे मधले दोन नाहीतच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, तेव्हा नाकपुड्या बंद करतं म्हणजे माती आत जात नाही. ओढण्याचा आवाज बराच लांबून ऐकू येतो. अंगावर झुलपं असली तरी खाली दाट लोकर नाही. नाहीतर आपल्या मे महिन्यात काय झालं असतं!

आता खरा मुद्दा. कॅनडात हडसन उपसागराचा बर्फ वितळला की अस्वलं किनाऱ्यावर येतात, महिनोन्‌महिने जवळपास उपाशी राहतात, आणि चर्चिल गावात माणसांशी गाठ पडते. आपल्याकडे मार्च-एप्रिलात मोह गळतो. फुलं पडतात रात्री आणि पहाटे. बायामाणसं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली हजर, आणि अस्वलही तिथेच. अंधारात जवळून दचकलं की ते पळण्याऐवजी बऱ्याचदा अंगावरच येतं. यात माणसं जबर जखमी होतात, चेहऱ्यावर डोक्यावर वार बसतात, जीवही जातो.

म्हणून "अस्वल हल्ला का करतं?" हा प्रश्न प्रबंधाला फार ढोबळ आहे. कुठल्या झाडाखाली, किती वाजता, फुलं किती पडलेली असताना, असं विचारलं तर मोजता येतं. विष्ठेतल्या बिया आणि वाळवीचे अवशेष बघायचे, कॅमेरा ट्रॅपवरची वेळ बघायची, वेचणाऱ्यांना विचारायचं. शेवटचं काम विद्यार्थी टाळतात, मीही पहिल्या वर्षी टाळलं होतं. आणि पत्रक हल्ला झालेल्या झाडांपुरतं भरू नका. जिथे रोज वेचणी होते पण काहीच घडत नाही, ती झाडंही नोंदवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

ज्युनिअरने संध्याकाळी मेसेज केला: "आमची आजी मोह वेचायला जाते. तिलाच आधी विचारते."