प्यूरिटनांचे सोवळे

एखाद्याच्या कडक आचाराची थट्टा करावयाची झाली म्हणजे आपण त्याला 'सोवळा' म्हणतो. सोळाव्या शतकातील इंग्लंडात 'प्यूरिटन' हा शब्द अशाच कुचेष्टेतून जन्मास आला. १५५९ साली एलिझाबेथ राणीने जी धर्मव्यवस्था लावून दिली, तीत पोपची सत्ता गेली. पण जुने विधी पुष्कळ राहिले. उपदेशकाचा पांढरा झगा, बाप्तिस्म्याच्या वेळी करावयाची क्रुसाची खूण, प्रभुभोजनाच्या वेळी गुडघे टेकणे, विवाहातील अंगठी यांना बायबलात आधार कोठे आहे, असा या मंडळींचा सवाल होता. झग्यावरून माणसांनी उपजीविकेवर पाणी सोडावे याचे आज हसू येईल. पण १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील चहावरून ग्रामण्य माजले, हे आठवले म्हणजे ते हसू आवरते.

झग्याच्या वादामागे एक कठोर श्रद्धा होती. मोक्ष कोणाला मिळणार हे ईश्वराने सृष्टीच्या आधीच ठरविलेले आहे आणि पुण्यकर्माने त्यात तिळमात्र फरक पडत नाही, ही कॅल्व्हिनची शिकवण त्यांनी शिरोधार्य मानली. आपल्या कर्मसिद्धांतात निदान केल्या कर्माचा हिशोब असतो; येथे तोही नाही. अशा मताने माणूस निष्क्रिय व्हावा असे वाटते. घडले नेमके उलट. आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही, याची चिन्हे प्रत्येकजण रोज स्वतःच्या मनात शोधू लागला. रोजनिशी लिहून स्वतःची झडती घेण्याची रीत पडली. बायबल ज्याचे त्याने वाचावयाचे, म्हणून अक्षरओळख हवी. १६४७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने शिक्षक नेमावा असा कायदाच झाला. १८१३ साली मुंबईस येऊन लवकरच शाळा उघडणारे आणि पुढे अहमदनगरास 'ज्ञानोदय' काढणारे अमेरिकन मिशन याच परंपरेतले.

मॅसॅच्युसेट्सची ही वसाहत जॉन विंथ्रॉपच्या नेतृत्वाखाली १६३० साली वसली. (१६२० सालचे 'मेफ्लॉवर' जहाजाचे प्रवासी निराळे, त्यांनी इंग्लंडच्या चर्चशी संबंधच तोडला होता.) साऱ्या समाजाने मिळून ईश्वराशी करार केला आहे, अशी विंथ्रॉपच्या मंडळींची भावना होती. करार सर्वांचा, तेव्हा एकाच्या पापाने कोप सर्वांवर! मग शेजाऱ्याचे मत ही त्याची खाजगी बाब उरत नाही. धर्माच्या बाबतीत सरकारने दंड करू नये, असे म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सला १६३५ साली हद्दपारीची शिक्षा झाली. ॲन हचिन्सन या बाईंनाही पुढे तोच मार्ग दाखविण्यात आला. १६६० साली मेरी डायर या क्वेकर स्त्रीला बोस्टनमध्ये फाशी दिले. इंग्लंडात स्वतः जाच सोसलेल्यांनीच हे केले.

१६९२ साली सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली आणि एका वृद्धाचा छातीवर दगड रचून प्राण घेतला. 'या बाईची छायाकृती मला छळते', असली साक्षही पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात होती. सॅम्युएल स्यूअल हा न्यायाधीशांपैकी एक. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. १६९६ च्या डिसेंबरात त्याच्या मुलाने मत्तयाच्या शुभवर्तमानातील काही ओव्या लॅटिनमध्ये म्हणून दाखविल्या. त्यांत निरपराध्यांना दोषी ठरविण्याविषयीचे एक वचन आहे. ते ऐकताच स्यूअलला सेलम आठवले. त्याच सुमारास त्याची एक लहान मुलगी वारली. घरावर आलेला हा प्रसंग ईश्वराचाच हात होय, असे त्याच्यासारख्या श्रद्धावंताने मानणे स्वाभाविक होते.

१४ जानेवारी १६९७ हा उपवासाचा दिवस. बोस्टनच्या चर्चमध्ये त्याने उपदेशकाच्या हाती एक कागद दिला आणि तो वाचून होईपर्यंत भर सभेत तो उभा राहिला. दोष आणि लाज आपली आहे, असे त्यात लिहिले होते. पुढे १७०० साली त्याने गुलामांच्या विक्रीविरुद्ध एक पत्रक छापले. त्या न्यायालयाचा प्रमुख विल्यम स्टॉटन याने मात्र सेलमबद्दल कधीच खेद दर्शविला नाही.